वायरी खाणारीचं घर

ला होयिता या गावात अर्नेस्तीना ओल्गीनला चकित झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. पोरांनी ताटांच्या चळतीत बेडूक लपवला तेव्हा तिने तो पळीने उचलून खिडकीबाहेर टाकला आणि पुढच्या पोराला म्हणाली, "बघतोस काय, ताट पुढे कर." एकदा वाऱ्याने स्वयंपाकघराचं छप्पर उडवून नेलं, तर म्हणे, "बरं झालं, धूर कोंडत होता." नवरा बेनितो गेला तेव्हा ती धाय मोकलून रडली, पण आश्चर्य तिला त्याचंही वाटलं नाही. अशी ही बाई म्हातारपणी एका खारीएवढ्या जनावरापुढे तोंडात बोट घालून उभी राहिली. गावाला अजून ते खरं वाटत नाही.

सुरुवात गाडीपासून झाली. बेनितोने शेवटच्या वर्षी घेतलेली पांढरी गाडी, सेकंडहँड पण गुणी. एका सकाळी अर्नेस्तीनाने किल्ली फिरवली आणि समोरचे सगळे दिवे लग्नघरासारखे लागले. कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले. रविवारी चर्चबाहेर उभी केलेली गाडी ऐन प्रवचनात आपली आपणच भोंगा वाजवू लागली, तेव्हा पाद्रीबाबा थांबून म्हणाले, "अर्नेस्तीना, तुझ्या गाडीला माझं पटलेलं दिसत नाही."

खालच्या गावात रूबेनचं गॅरेज. रूबेन तिच्या हातचं जेवून वाढलेला, म्हणून इतरांसारखा तोही तिला बाई म्हणायचा. त्याने बॅटरी बदलली. मग अल्टरनेटर बदलला. मग म्हणाला, कॉम्प्युटर गेला असेल. हल्ली गाडीला कॉम्प्युटर असतो. काय दुखतंय ते तो आपणहून सांगत नाही, त्याला विचारावं लागतं, आणि विचारायचेही पैसे पडतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी थोडे दिवस शहाण्यासारखी वागायची, की पुन्हा काच वर जाईना, दिवा लागेना. विमा कंपनीने हात वर केले. अर्नेस्तीनाने त्या वर्षी जळणाचं लाकूड निम्मंच घेतलं.

इंजिनात शिरून वायरी खाणारी रानघूस असेल, असं कुणी म्हणालं का? तर नाही. आणि त्याला कारणही तसंच होतं. आमच्याकडे संध्याकाळ झाली की प्रत्येकजण गाडीचं बॉनेट उघडून ठेवतो आणि आत एक बल्ब टांगतो. रानघुशीला उजेड आवडत नाही, उघड्यावर ती घर करत नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. रात्री गावातून फिरलं तर सगळ्या गाड्या आ वासून उभ्या. अर्नेस्तीनाने एक रात्र चुकवली नव्हती. बॉनेट उघडं आहे, बल्ब चालू आहे, म्हणजे घूस नाही. विषय संपला.

पण त्या हिवाळ्यात घाटात बर्फ पडत असताना गाडी मेली. इंजिन गेलं, हीटर गेला, धोक्याचे दिवेही लागेनात. अर्नेस्तीना बेनितोच्या जुन्या कोटात पाय गुंडाळून बसून राहिली. खूप उशिराने बर्फ ढकलणारं वाहन आलं आणि ते चालवणाऱ्या पोराने तिला काढलं. बोटं वाचली, एवढंच.

मुलगी मार्लीन फीनिक्सला नर्स होती. ती रात्रभर गाडी हाकत आली. रागावली नाही, त्यानेच अर्नेस्तीना घाबरली. मार्लीन एवढंच म्हणाली, "आई, शब्द दे. पुन्हा एकदा ही गाडी तुला रस्त्यात टाकून बसली, तर तू माझ्याकडे येशील. कायमची."

या ठिकाणी गाडीशिवाय बाईमाणूस राहू शकत नाही, हे दोघींना ठाऊक होतं. दवाखाना लांब, दुकान लांब. अर्नेस्तीनाने शब्द दिला. बेनितोने स्वतः मातीच्या विटा पाडून बांधलेलं ते घर आता एका गाडीच्या वायरींवर टांगलेलं होतं.

वसंतात रूबेनने गाडी वर चढवून खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं, जे आधी काढायला हवं होतं. "बाई, या इकडे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदललेला होता.

वायरींचा मोठा जुडगा इंजिनाच्या पाठीमागून जातो. तिथे, बल्बचा उजेड पोचत नाही पण ऊब बरोबर पोचते अशा जागी, वायरी छाटलेल्या होत्या. कुरतडलेल्या नव्हे. सुरीने कापाव्यात तशा तिरक्या, एकसारख्या. आणि जिथून वायर गेली तिथे काहीतरी ठेवलेलं होतं. एके ठिकाणी निवडुंगाचं बोंड. एके ठिकाणी पक्ष्याचं हाड. एके ठिकाणी पितळेचं बटण.

"मोबदला आहे हा," रूबेन म्हणाला. "रानघूस एक घेते, एक ठेवते. चोर म्हणता येणार नाही तिला, व्यापारी आहे."

"आणि बल्ब?"

"बल्बाने तिची थंडी भागवली, बाई. तुम्हीच शेगडी लावून देत होता."

अर्नेस्तीना त्या कापांवर वाकली. तिने जन्मभर भाज्या चिरल्या होत्या. इतका सफाईदार हात तिने कुणाचा पाहिला नव्हता. "ते बटण दे इकडे," ती म्हणाली. "मी त्याची किंमत मोजलीय."

रूबेनने पिंजरा दिला. अर्नेस्तीनाने त्यात शेंगदाण्याचं लोणी लावलं, आणि दुसऱ्या सकाळी पाहुणी हजर. मोठे पातळ कान, पोट दुधासारखं पांढरं, डोळे काळेभोर. पिंजरा बंद झाल्याचं तिला काही नव्हतं. दोन हातांत घास धरून ती जेवत होती.

"एवढा सत्यानाश करून जेवतेय बघ बया," अर्नेस्तीना म्हणाली. तिने आयुष्यात किती कोंबड्यांच्या माना पिरगाळल्या होत्या त्याला गणती नाही. पण जेवणाऱ्यावर हात उचलणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने घुशीच्या शेपटीच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावलं, म्हणजे पुन्हा आली तर ओळखता यावी, आणि त्याच गाडीत घालून कोरड्या ओढ्यापलीकडे नेऊन सोडली.

ओढ्यापलीकडे देल्फिनो आर्चुलेताची जमीन. हा जन्मभर रस्तेखात्यात यंत्र चालवून निवृत्त झालेला. एकदा तो पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी असताना त्याने अर्नेस्तीनाची पाण्याची पाळी चुकवली होती, तेव्हापासून दोघांचा अबोला. त्याच्याकडे एखादी घूस गेली तर तिची झोप काही उडणार नव्हती.

आठवड्याभरात पिंजऱ्यात लाल शेपटी. पुन्हा नेऊन सोडली, आणखी लांब. पुन्हा आली. अर्नेस्तीना पिंजऱ्यासमोर बसून तिच्याकडे बघायची. ओढ्यात कोल्हे, वर घुबडं, मध्ये सगळं उघडं वाळवंट, आणि हे वीतभर जनावर रात्रीत ते पार करून घरी येतं! "तुला वाट दाखवतं कोण गं?" ती विचारायची. ज्या बाईला छप्पर उडाल्याचं काही वाटलं नव्हतं तिच्या अंगावर काटा यायचा.

मग एकदा तिला दिसलं की घुशीच्या उजव्या कानाला निळा रंग आहे. तो निळा ती ओळखत होती. देल्फिनोच्या दाराचा निळा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती पिंजऱ्यावर टॉवेल टाकून ओढ्यात उतरली. समोरच्या काठावरून देल्फिनो खाली येत होता. त्याच्याही हातात पिंजरा होता, रिकामा, आणि खांद्यावर टॉवेल.

दोघंही थांबले. वर्षानुवर्षांचा अबोला असा पिंजरे हातात घेऊन मोडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"सकाळी सकाळी काय घेऊन निघालास?" अर्नेस्तीना म्हणाली.

"ओढ्यात पिंजरा लावायला आलोय. तू?"

"तुझी पाहुणी पोचवायला."

"माझी? तुझ्याकडची आहे ती! मी तिला पाच-सहा वेळा तुझ्या कुंपणात आणून सोडलीय."

"मेल्या! आणि मी तिला तुझ्याकडे!"

देल्फिनोने तिच्या पिंजऱ्यावरचा टॉवेल उचलला. लाल शेपटी, निळा कान. त्याला हसू आवरेना. हसता हसता तो वाळूवर बसला. "माझ्या ट्रकच्या वायरी तीन वेळा बदलल्यात, अर्नेस्तीना. मला वाटायचं ही घूस नाही, भूत आहे."

अर्नेस्तीनालाही हसू आलं, पण आत कुठेतरी ती खट्टू झाली. वाळवंट पार करून येणारी ती बहाद्दर शेवटी गाडीतून ये-जा करत होती तर. तेवढ्यात देल्फिनो हसायचा थांबला. "थांब," तो म्हणाला. "सगळा मार्च महिना मी आल्बुकर्कीला होतो, गुडघ्याच्या ऑपरेशनला. तेव्हा कुणी आणली हिला?"

मार्चमध्ये ती दोनदा सापडली होती. दोघंही पिंजऱ्यावर वाकले. घूस आपली कान साफ करत होती.

"सोडून बघू," अर्नेस्तीना म्हणाली. "घर कुठंय तिचं ते तरी कळेल."

दार उघडलं. घूस ना अर्नेस्तीनाच्या बाजूला गेली, ना देल्फिनोच्या. सरळ ओढ्याने वर पळाली आणि वळणावरच्या खडकाच्या कपारीत शिरली. कपारीत काटक्या, निवडुंग आणि वाळक्या शेणाचा कमरेएवढा ढीग होता. पुराने आणून टाकलेला कचरा समजून देल्फिनो जन्मभर त्याच्या शेजारून गेला होता.

"हे मोडावं लागेल," तो म्हणाला. "हिला घालवून उपयोग नाही. घर आहे तोवर दुसरी येऊन राहते."

पहार आणायला तो घरी गेला. परत आल्यावर दोघांनी तोंडाला रुमाल बांधले, त्या धुळीने माणूस दगावतो म्हणतात, आणि त्याने पहिला घाव घातला. वरचा थर सुटला आणि रंग बाहेर पडले. तांबडी, पिवळी, हिरवी वायर, बोटभर लांबीचे तुकडे, काटक्यांत विणलेले. अर्नेस्तीनाचे दुरुस्तीत गेलेले सगळे पैसे जणू तिथे होते. गाडीच्या आसनाचा स्पंज होता. देल्फिनोचं कानातलं मशीन होतं.

"या मशीनपायी मी मेहुणीवर दोन वर्षं संशय घेतला!" तो ओरडला.

"तिची माफी माग."

"आता कशाला? सवय झालीय तिला."

त्याखाली सोड्याच्या बाटल्यांची झाकणं निघाली, दोघं लहान असताना मिळायचा तो सोडा. शाळेचा शिक्का असलेला चमचा निघाला. त्याखाली जपमाळेचे मणी, घोड्याच्या लगामाची कडी. अर्नेस्तीना आता गुडघ्यांवर बसून हाताने काढत होती. काळ्या रेघांचं खापर. करंगळीएवढी मक्याची कणसं, दाणे गेलेली, जशी या खोऱ्यात कुणीही पेरत नाही, आणि तिच्या आजीनेही कधी पेरली नसतील. आणि त्या सगळ्याच्या खाली काळा, चकाकणारा, काकवी गोठून दगड व्हावी तसा थर. देल्फिनोने पहार मारली तर ती खणकन वाजली. थरात देवदाराच्या सुया अडकलेल्या होत्या, छोटी शंकूसारखी फळं होती. देवदार तर आता पार वर डोंगराच्या माथ्यावर.

देल्फिनोने टोपी काढली. "रस्ता कापताना आम्हाला असलं एक लागलं होतं," तो म्हणाला. आवाज लहान झाला होता. "विद्यापीठातून माणसं आली. तान्हं मूल न्यावं तसं कापडात गुंडाळून घेऊन गेली. म्हणाली, दहा हजार वर्षांचं आहे. या घुशींचं मूत वाळून दगड होतं आणि त्यात सगळं जपून राहतं. मला वाटलं, पगार मिळतो म्हणून बोलतायत."

अर्नेस्तीना मागे टेकून बसली. कित्येक पिढ्यांपूर्वी तिची माणसं बैलगाड्यांतून या खोऱ्यात आली आणि सगळ्यांना सांगायला लागली की आम्ही इथले पहिल्यापासूनचे. नदीपलीकडच्या पुएब्लोतले आदिवासी लोक ते ऐकून नुसते हसायचे, कारण ते त्याही आधीचे. आणि या दोन्ही लोकांच्या कितीतरी आधी या कपारीत कुणीतरी देवदाराच्या सुया आणून अंथरल्या होत्या. तेव्हापासून घर रिकामं राहिलं नव्हतं. आईने लेकीला दिलं, लेकीने तिच्या लेकीला. डोंगरावरचं रान वर सरकलं, पाऊस गेला, माणसं आली, मका आला, घोडे आले, गाड्या आल्या, आणि जे जे आलं त्यातला एकेक तुकडा इथे घरात आला. अर्नेस्तीनाला चर्चमध्येसुद्धा असं कधी वाटलं नव्हतं. आपण किती थोड्या दिवसांच्या आहोत, हे तिला कळलं, आणि नवल म्हणजे त्याचं भय वाटलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही.

तेवढ्यात ढिगाच्या कडेने घूस बाहेर पडली. पोटाला पिल्लं लोंबकळत होती, तोंडाने आचळ घट्ट धरून, आणि ती त्यांना फरफटत नेत होती. थोडी पळाली. थांबली. मागे वळून घराकडे बघितलं. मग तशीच पिल्लांसकट अर्नेस्तीनाच्या बुटाला घासून ती परत आत गेली, पहार लागलेल्या त्याच घरात.

"पहार खाली ठेव, देल्फिनो."

"अगं, गाडीचं काय? मार्लीनला शब्द दिलायस ना?"

"ते माझं मी बघीन. हे मोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं बघायला गेले तर छप्पर बुजलेलं होतं. त्यात देल्फिनोचा विसरलेला रुमालही बसवलेला.

मे महिन्यात गाडी पुन्हा बंद पडली, दुकानाहून येताना, लख्ख उन्हात. देल्फिनोनेच ट्रकला दोर बांधून ती घरी आणली. "मार्लीनला सांगू नकोस," तो म्हणाला. "कळणार कसं तिला?"

"मला कळलंय ना."

तिने फोन केला. "गाडी बंद पडली. शब्द दिलाय, येते मी. पण एक सांगते, ओढ्यातलं ते घर मोडलं तर कदाचित गाडी वाचेल, आणि मी ते मोडणार नाही. दहा हजार वर्षं ज्यांना कुणी हलवलं नाही त्यांना माझ्यासाठी कशाला हलवू? माझं घर बेनितोने बांधलं, एका माणसाच्या आयुष्याएवढं ते. ते सुटलं तर चालेल." ते तिला मुळीच चालणार नव्हतं.

मार्लीन खोके घेऊन आली. तिची गाडी कोरी करकरीत, स्क्रीनच स्क्रीन असलेली. संध्याकाळी अर्नेस्तीना म्हणाली, "बॉनेट उघडून ठेव."

"तुमच्या त्या बॉनेटचं काय झालं ते बघितलं मी," मार्लीन म्हणाली आणि भांडी कागदात गुंडाळत बसली.

सकाळी गाडीचे सगळे स्क्रीन काळे. मार्लीनने पुन्हा पुन्हा बटण दाबलं. मग बॉनेट उघडून छाटलेल्या वायरी बघितल्या आणि हळूच मान वळवली. "आई, तू केलंस का हे?"

"मला कापता आल्या असत्या इतक्या सफाईने?"

रूबेन म्हणाला, सुटा भाग लांबून येईल, आठ-दहा दिवस धरा. मार्लीनने कपाळावर हात मारला. दारात दोन गाड्या, दोन्ही मेलेल्या. दुसऱ्या दिवशी देल्फिनो अंडी घेऊन आला. टपालवाली बाई औषधं घेऊन थेट दारात आली. रूबेनच्या आईने मक्याच्या पिठाचे तामाले पाठवले. रविवारी चर्चला न्यायला दोन गाड्या आल्या आणि कुणाच्या गाडीत बसायचं यावरून त्यांच्यात बाचाबाची झाली. जो येई तो विचारी, "बाई, काही हवंय?" मार्लीन हे सगळं खोक्यांवर बसून बघत होती.

एका संध्याकाळी ती देल्फिनोला म्हणाली, "दिवसा ठीक आहे हो. पण घाटात त्या दिवशी तो बर्फवाला योगायोगाने आला नसता तर?"

"योगायोगाने?" देल्फिनोला राग आला. "अगं पोरी, तो भाग त्याचा नव्हताच. तुझ्या आईच्या धुराड्यातून धूर दिसेना, दारात गाडीही नव्हती, म्हणून मीच रस्तेखात्यात फोन केला. जुनी ओळख आहे माझी. म्हटलं, आधी घाटात जा."

अर्नेस्तीना चुलीपाशी होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "तू? तेव्हा तर आपण बोलत नव्हतो."

"बोलत नव्हतो म्हणून काय दिसत नव्हतं?" तो म्हणाला. "रोज बघतो मी धूर. पाण्याच्या पाळीचा त्याच्याशी काय संबंध?"

 अर्नेस्तीना त्याच्याकडे बघत होती, कपारीतला काळा थर बघताना बघत होती तशीच. इतकी वर्षं ओढ्यापलीकडे हे चाललं होतं आणि तिला पत्ता नव्हता.

मार्लीन उठली. तिने सगळ्यात वरचं खोकं उघडलं, गुंडाळलेली ताटं एकेक करून बाहेर काढली आणि मांडणीवर लावायला लागली.

"हे काय करतेस?" अर्नेस्तीनाने विचारलं.

"मला वाटायचं, गाडी बंद पडली की तू एकटी पडतेस," मार्लीन म्हणाली. पाठ आईकडेच होती. "तुझा शब्द मी तुला परत दिला, आई. तू इथेच राहा."

 अर्नेस्तीना खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि बेनितोच्या भिंतींकडे एकदा बघून घेतलं. देल्फिनोने तिच्या हातातली पळी काढून घेतली, कारण चुलीवरचं करपायला लागलं होतं.